पाळी लांबवायची गोळी आणि लिव्हरचा आजार

उमऱ्याची तारीख ठरली की घरातल्या बायकांची यादी सुरू होते. अबाया, चपला, दुआंचे पुस्तक, सुकामेवा. या यादीत एक वस्तू कधी लिहिली जात नाही. मागच्या वर्षी जाऊन आलेली एखादी शेजारीण ती कानात सांगते : "तारीख मध्येच येत असेल तर मेडिकलमधून ती गोळी आण. दिवसाला तीन." मेडिकलवाला काही विचारत नाही, आपण काही सांगत नाही. कागदात गुंडाळलेली पट्टी पर्समध्ये जाते आणि विषय संपतो.

आमच्या धाकट्या जावेनेही दोन वर्षांपूर्वी हेच केले. शेजारणीने सांगितले होते, दहा दिवस आधीपासून घे, धोका नको. नवव्या दिवशी तिच्या तळहातांना आणि तळपायांना खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. रात्रभर झोप नाही. सकाळी आम्ही तिला अंगणात उजेडात उभे केले, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिले, तर पांढरा भाग हळदीचे बोट लागल्यासारखा दिसत होता.

तिला हिपॅटायटिस बी आहे, हे घरात तिघांनाच माहीत होते. पहिल्या बाळंतपणाच्या तपासणीत ते कळले होते. पुढे लिव्हर कडक होऊ लागल्याचे, म्हणजे सिरॉसिसची सुरुवात असल्याचे निदान झाले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी टेनोफोविरची रोजची गोळी सुरू झाली. ती गोळी ती नियमाने घेत होती. उमऱ्याची बॅग आवरताना मात्र औषधाची बाटली कपाटातच राहिली होती. विसरून नव्हे. खोलीत चार बायका असणार, बाटली पाहून कुणी विचारले तर काय सांगायचे, म्हणून पंधरा दिवस गोळीच बंद ठेवायचे तिने ठरवले होते. हिपॅटायटिस बीची गोळी अशी अचानक सोडली तर दबलेला विषाणू पुन्हा उसळतो, आणि सिरॉसिस असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांनी पाळीची गोळी त्याच दिवशी बंद केली. रक्तातले बिलिरुबिन वाढले होते. ते म्हणाले, गोळीमुळे झाले की आजारानेच डोके वर काढले, हे आज ठामपणे सांगता येणार नाही, पण ही गोळी तुमच्यासाठी नव्हती. तिकीट रद्द झाले. बरे वाटायला काही आठवडे लागले. आम्ही तिला रागावलो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "भाभी, लिव्हरच्या डॉक्टरांना पाळीचे काय सांगायचे? आणि मेडिकलवाल्याला लिव्हरचे का सांगायचे?"

आम्ही डॉक्टर नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण तिच्याबरोबर पुढचे सहा महिने दवाखान्याच्या बाकांवर काढले, विचारत गेलो, औषधांच्या डब्यातले घडी घातलेले बारीक अक्षरातले कागद वाचत गेलो. आणि लक्षात आले की तिच्यासारख्या बायका आपल्या आसपास पुष्कळ आहेत. एक फाईल लिव्हरची, एक बायकांच्या डॉक्टरांची, आणि एकीची दुसरीला खबर नाही.

जाता जाता भाषेची एक गंमत. आपण उर्दूत ज्याला जिगर म्हणतो आणि खाटकाकडून कलेजी म्हणून आणतो, ते लिव्हर. मराठीत त्याच घराण्यातला काळीज हा शब्द मात्र हृदयाकडे गेला. दोन्ही भाषांनी त्याला धाडसाशी आणि मायेशी जोडले, त्याचे रोजचे काम कुणी सांगितले नाही.

ते काम असे. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यांतून रक्तात जाते आणि ते रक्त आधी लिव्हरमधून फिरते. तिथे औषधाचा काही भाग मोडला जातो. डोस ठरवताना ही मोडतोड हिशेबात धरलेली असते. लिव्हर थकलेले असेल तर मोडतोड कमी होते आणि रक्तात औषध जास्त उरते. शिवाय इस्ट्रोजेन हे संप्रेरक पित्ताचा प्रवाह मंदावते, त्यातून खाज आणि कावीळ येऊ शकते. आणि रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवते, त्यामुळे पाळीचा रक्तस्राव आणि लिव्हर यांचा थेट संबंध आहे.

पाळी लांबवण्यासाठी बहुतेक वेळा दिली जाते ती नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलीग्रॅम. नेहमीची पद्धत अशी की अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, दिवसातून तीनदा. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. दहा दिवस आधीपासून घेण्याची गरजच नसते. या गोळीत इस्ट्रोजेन नसते म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते. पण पोटात गेल्यावर तिचा थोडा भाग इथिनाइल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असते त्याच इस्ट्रोजेनमध्ये. दिवसाला १० ते २० मिलीग्रॅम घेतली तर ते प्रमाण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गर्भनिरोधक गोळीइतके भरते. सरकारी माला-एनमध्ये ३० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे जी बाई 'मी गर्भनिरोधक गोळी कधी घेतली नाही' असे म्हणते, ती या पंधरा दिवसांत जवळपास तेच घेत असते, आणि त्यात लांबचा विमानप्रवास, पाय लोंबकळत बसणे, पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती.

या गोळीच्या कागदावर लिहिलेले असते की लिव्हरचा गंभीर आजार किंवा लिव्हरमध्ये गाठ असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा गरोदरपणात कावीळ अथवा तीव्र खाज आली असेल, तर ही घेऊ नये. शेवटची अट आपल्या बायकांना कुणी विचारत नाही. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजत होते, रात्री जास्त, आणि बाळ झाल्यावर आपोआप थांबले, असे ज्यांना आठवते त्यांनी ते डॉक्टरांना जरूर सांगावे. त्या वेळी घरात ती उष्णतेची खाज म्हणून सोडून दिलेली असते.

आपल्याकडे हे सारे धावपळीत होते. एरवी हजमध्ये पाळी आली तरी तवाफ सोडून बाकीचे अरकान करता येतात, रमजानच्या राहिलेल्या रोज्यांची कजा नंतर होते, हे घराघरांत माहीत आहे. अडचण असते ती टूरच्या वेळापत्रकाची आणि परतीच्या तिकिटाची. ती अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय मेडिकलच्या काउंटरवर नव्हे, दोन महिने आधी डॉक्टरांसमोर शोधायला हवा.

आता गर्भनिरोधनाकडे येऊ, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथे आहे. लिव्हरचा आजार आहे म्हटले की काही बायका सगळेच बंद करतात. हे तितकेच धोक्याचे. सिरॉसिस वाढलेला असताना गर्भ राहिला तर लिव्हरकडे जाणाऱ्या शिरांवरचा दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. हिपॅटायटिस सीवर कधी कधी रिबाविरिन नावाची गोळी दिली जाते. ती गर्भाला अपाय करते, म्हणून उपचार चालू असताना आणि नंतरही काही महिने गर्भ राहू द्यायचा नसतो. तेव्हा प्रश्न 'साधन वापरायचे की नाही' असा नसतो, 'कोणते' असा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी चार पायऱ्या केल्या आहेत. पहिली म्हणजे खुशाल वापरा, चौथी म्हणजे वापरूच नका. त्या पाहिल्या तर बऱ्याच जणींच्या डोक्यावरचे ओझे उतरेल. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात आहे, आजार जुना आणि शांत आहे, किंवा सिरॉसिस अगदी सौम्य आहे, लिव्हरचे काम नीट चालू आहे, तर साध्या गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा पहिल्या पायरीवर येतात. आमच्या जावेला हे कळले तेव्हा ती चकित झाली. तिची अडचण अशी होती की तिचे लिव्हर 'सौम्य' या शब्दाच्या पुढे गेले आहे की नाही, हे गोळी सुरू करण्याआधी कुणी तपासलेच नव्हते. पोटात पाणी, कावीळ, भ्रम अशी लक्षणे असलेल्या वाढलेल्या सिरॉसिसमध्ये इस्ट्रोजेनची गोळी चौथ्या पायरीवर जाते. ताजी कावीळ चालू असताना ती नव्याने सुरू करायची नसते. तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन वाढलेल्या सिरॉसिसमध्ये तिसऱ्या पायरीवर येते, म्हणजे दुसरा मार्ग नसेल तरच.

आणि छाया. २०१७ पासून अंतरा आणि छाया सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागल्या. छाया लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. संप्रेरक नाही म्हणजे कुणालाही चालते, असा समज आहे. पण अलीकडे कावीळ झालेल्या किंवा लिव्हरचा आजार असलेल्या बाईला छाया द्यायची नसते. आशाताई यादी वाचून विचारतात. सासू शेजारी बसलेली असली की आपण 'काही नाही हो' म्हणून मोकळ्या होतो.

तांबी मात्र लिव्हरच्या कोणत्याही आजारात पहिल्याच पायरीवर राहते, कारण तिच्यातून रक्तात काही औषध उतरत नाही. तिने पाळीचा स्राव वाढू शकतो, आणि सिरॉसिसमध्ये प्लेटलेट्स कमी असतात, म्हणून बसवण्याआधी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स पाहून घ्याव्यात. निरोध तर आहेच. नवरा ऐकत असेल तर त्याहून सोपे काही नाही. एखाद्या वेळी चूक झाली आणि ७२ तासांतली लेव्होनॉरजेस्ट्रेलची एक गोळी घ्यावी लागली, तर लिव्हरच्या भीतीने ती टाळू नये. एका गोळीचा धोका थोडा, नको असलेल्या गर्भाचा मोठा. गर्भ पाडायच्या गोळ्यांचे पाकीट चिठ्ठीशिवाय आणून घरात घेणे ही वेगळी गोष्ट आहे. ते निरोगी बाईलाही धोक्याचे, आणि ज्या बाईचे रक्त नीट गोठत नाही तिचा स्राव बंद खोलीत थांबला नाही तर वेळ हातात राहत नाही.

अंगावरून पांढरे जाणे हा दुसरा न बोललेला विषय. सरकारी दवाखान्याच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये यासाठी हिरव्या रंगाचे किट मिळते, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असते. फ्लुकोनॅझोलची १५० मिलीग्रॅमची एक गोळी एकदा घेतल्याने सहसा बिघडत नाही. बिघडते ते मेडिकलमधून दर आठवड्याला, महिनोनमहिने स्वतःच आणून घेतल्याने. लिव्हर नाजूक असेल तर योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी मागावी. तिचा अगदी थोडा अंश रक्तात जातो. लाजेपायी बायका पोटात घ्यायची गोळी पसंत करतात, पण इथे लाज महागात पडते. मेट्रोनिडॅझोल लिव्हरमध्येच मोडते, म्हणून आजार गंभीर असेल तर डॉक्टर तिचा डोस कमी करतात. आणि जांघेतल्या नायट्यासाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या सर्रास विकल्या जातात. लिव्हरचा आजार असलेल्यांना त्या देऊ नयेत असे त्यांच्या कागदावरच असते. लावायचे मलम चालते.

पाळीत पोट दुखते तेव्हा मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. सिरॉसिस असेल तर या तिन्ही टाळायच्या, त्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलला बायका उगीच घाबरतात. सिरॉसिसच्या रुग्णाला साधारणपणे दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांपर्यंत डॉक्टर परवानगी देतात. मात्र सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ते त्याच हिशेबात धरायचे.

दोन फायलींचा आणखी एक घोटाळा आम्ही बाकावर बसल्या बसल्या ऐकला. पोटात पाणी होते म्हणून एका मुलीला लिव्हरच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन दिली होती. हनुवटीवर केस येतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनीही स्पायरोनोलॅक्टोनच दिली. कंपन्या वेगळ्या, नावे वेगळी, औषध एक. ती दोन्ही घेत होती. पट्टीवरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात असते ते खरे नाव, हे आम्ही आता आठवीच्या मुलींनाही शिकवतो.

हकीमसाहेबांच्या माजूनबद्दल लिहिले की घरात वाद होतात, तरी लिहितो. 'कुदरती' आहे म्हणून लिव्हरला काही होत नाही, हे खरे नाही. गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांना लिव्हरची इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. असगंध, म्हणजे अश्वगंधा, कमजोरीच्या आणि बायकांच्या अनेक औषधांत असते, आणि तिच्यामुळे कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कुश्त्यांत धातूंचे भस्म असते. सगळ्यांनाच बाधते असे नाही. पण ज्यांचे लिव्हर आधीच दुखावले आहे त्यांनी हा प्रयोग करू नये, आणि घेतले असेल तर डबी डॉक्टरांना दाखवावी. लपवलेल्या डबीमुळे निदान चुकते.

पाळी गेल्यानंतर येणारा कोरडेपणा, इच्छा न होणे, यावर बायका कुणाशी बोलत नाहीत, आणि मग मोबाईलवरची जाहिरात बोलते. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित साधे जेल पुरते, त्याचा लिव्हरशी संबंध येत नाही. इस्ट्रोजेनची लावायची क्रीम कमी शोषली जाते, तरी तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. इच्छा वाढवणारी म्हणून फ्लिबॅन्सेरिन नावाची गोळी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाली. लिव्हरचा आजार असलेल्यांत ती रक्तात साडेचार पट साचते असे तिच्या चाचण्यांतच दिसले. रक्तदाब एकदम खाली येऊन बाई बेशुद्ध पडू शकते. लिव्हरच्या रुग्णाला ती वर्ज्य आहे. बाकी या वयात इच्छा न होण्याचे कारण कधी कधी लिव्हरचा थकवाच असतो, आणि कधी घरातली कुरबुर. त्याला गोळी नाही.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्ट कोणते न्यायचे? बहुतेक जणी एसजीपीटीचा आकडा पाठ करून जातात. तो वाढला म्हणजे लिव्हरला इजा होते आहे एवढेच कळते, लिव्हर किती काम करते ते कळत नाही. सिरॉसिसमध्ये एसजीपीटी अगदी नॉर्मलही असतो. कामाचा अंदाज येतो तो बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे पीटी-आयएनआर, यांवरून. यांच्या जोडीला पोटात पाणी आहे का आणि भ्रम होतो का, हे पाहून डॉक्टर ए, बी, सी अशी श्रेणी देतात. कोणती गोळी चालेल हे बरेचसे त्या एका अक्षरावर ठरते. ते अक्षर विचारून घ्यावे आणि फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

नवऱ्याबद्दल दोन शब्द. हिपॅटायटिस बी ताटवाटीतून, एकत्र जेवणातून, मिठी मारण्यातून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. म्हणून नवऱ्याची तपासणी आणि लसीचे तीन डोस, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस, हे झाले की घरात वेगळी भांडी ठेवण्याचे कारण उरत नाही. आमच्या जावेचा पेला तीन वर्षे वेगळा होता. तो कुणी वेगळा केला होता, हे इथे लिहीत नाही, घरात वाचले जाते.

डोळे पिवळे होणे, लघवी चहासारखी गडद होणे, पुरळाशिवाय खाज, काळी शौच, रक्ताची उलटी, एका पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा बोलण्यात एकाएकी गोंधळ, यांतले काही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. थांबवायची ती नवी गोळी, टेनोफोविर नव्हे.

बोलायचे कसे, हा प्रश्न जावेने स्वतःच सोडवला. तिने पोस्टकार्डाएवढा कागद घेतला, त्यावर आजाराचे नाव, श्रेणी, रोजची गोळी आणि 'इस्ट्रोजेन व नॉरएथिस्टेरॉन नको' एवढे आमच्याकडून मराठीत लिहून घेतले. बायकांच्या डॉक्टरांकडे गेली की ती काही बोलत नाही, कागद पुढे करते. सासूबाई शेजारी असल्या तरी चालते, त्यांना इतके बारीक दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात ती उमऱ्याला जाऊन आली. या वेळी टूरवाल्याला आधीच सांगून मक्क्याचे दिवस पहिले घेतले होते. उमरा पहिल्या दोन दिवसांत झाला, सहाव्या दिवशी पाळी आली, आणि पुढचे दिवस तिने खोलीत तस्बीह आणि दुआ करत काढले. टेनोफोविरची बाटली पलंगाशेजारच्या टेबलावर उघड ठेवली होती. तिसऱ्या रात्री खोलीतल्या नांदेडच्या बाईंनी विचारले, "ही कशाची गोळी?" जाव म्हणाली, "लिव्हरची." "मला वाटलं शुगरची," असे म्हणून त्या बाई कूस बदलून झोपल्या.